याकोबाचा जेम्स कसा झाला?

मराठी बायबल आणि इंग्रजी बायबल शेजारी ठेवून वाचणाऱ्याला नव्या कराराच्या शेवटाकडे एक गोष्ट खटकते. मराठीत जे ‘याकोबाचे पत्र’, तेच इंग्रजीत जेम्सच्या नावावर आहे. मजकूर तोच, मग लेखक दोन कसे? बरे, उत्पत्तीच्या पुस्तकात भेटणारा याकोब इंग्रजीत जेकब असतो, जेम्स नव्हे. त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. संडे स्कूलमधली चौकस मुले हा प्रश्न विचारतात आणि त्याच दमात दुसराही विचारतात : आमच्या नावांना अर्थ असतो का? वर्गातल्या सदानंदला आपल्या नावाचा अर्थ सांगता येतो, मग जॉनला का सांगता येऊ नये?

दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते. पण तिथे जायचे तर आधी हिब्रू नाव कसे तयार होते, हे पाहायला हवे.

१. नाव म्हणजे छोटे वाक्य

जुन्या करारातली बरीचशी नावे खरे तर पूर्ण वाक्ये आहेत. त्यांत दोन तुकडे पुन्हा पुन्हा दिसतात. एक ‘एल’, म्हणजे देव. दुसरा ‘यो’ किंवा ‘या’. हे इस्राएलच्या देवाच्या खास नावाचे, म्हणजे मराठीत ज्याला यहोवा म्हणतात त्या नावाचे, आखूड रूप. यांतल्या एका तुकड्याला क्रियापद जोडले की नाव तयार.

उदाहरणार्थ, ‘नाथान’ म्हणजे ‘त्याने दिले’. त्याला ‘एल’ जोडला की नथनेल : देवाने दिले. ‘यो’ पुढे लावला की योनाथान : यहोवाने दिले. तुकडे उलटे लावले की एलनाथान आणि नथन्या. चार नावे, आशय एकच. मराठी माणसाला हे समजायला अजिबात अवघड जाऊ नये, कारण आपल्याकडच्या देवदत्तात नेमके तेच दोन तुकडे आहेत. ग्रीकांनीही तेच केले. त्यांचा थिओडोर म्हणजे देवाची देणगी, आणि तुकडे उलटले की डोरोथी.

एलीया आणि योएल या दोन संदेष्ट्यांची नावे तर एकमेकांची उलट रूपे आहेत. एलीया म्हणजे ‘माझा देव यहोवा’, योएल म्हणजे ‘यहोवा हाच देव’. एलीयाच्या बाबतीत हा अर्थ फार मोलाचा ठरतो. ख्रिस्तपूर्व नवव्या शतकात अहाब राजाच्या राज्यात बआल या कनानी देवाची उपासना वाढली होती आणि एलीयाचे सगळे आयुष्य त्या विरोधात गेले. त्याला हाक मारणारा प्रत्येक जण, मग तो विरोधक का असेना, तोंडाने त्याचीच बाजू मांडत होता.

देवाचे नाव असे माणसाच्या नावात बसलेले असल्यामुळे त्यावरून नंतर अडचणही होत असे. शौल राजाच्या एका मुलाचे नाव इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात एश्बाल असे आहे, म्हणजे ‘बआलाचा माणूस’. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात तोच मुलगा ईश-बोशेथ होतो. ‘बोशेथ’ म्हणजे लाज. बआलाचे नाव पवित्र ग्रंथात उच्चारायला नको, म्हणून नकलकारांनी त्या जागी लाजेचा शब्द घातला, असे अभ्यासक मानतात. या मुलाला त्याच्या बापाने ‘लाजेचा माणूस’ म्हणून कधीच हाक मारली नसेल.

देवदूतांची नावेही याच साच्यातली आहेत. गब्रीएल म्हणजे देवाचा वीर. रफाएल म्हणजे देवाने बरे केले. हा देवदूत तोबीतच्या पुस्तकात येतो आणि ते पुस्तक कॅथलिक बायबलमध्ये आहे, प्रोटेस्टंट बायबलमध्ये नाही. मीखाएल हा तर चक्क प्रश्न आहे : ‘देवासारखा कोण?’ आज जगभर लाखो मायकल, मिगेल आणि मिशेल हा प्रश्न अंगावर वागवत हिंडतात.

२. आईने ठेवलेली नावे

उत्पत्तीच्या पुस्तकात बाळाचे नाव बहुधा आई ठेवते आणि त्या नावात तिची त्या दिवसाची मनःस्थिती उतरते. लेआ आणि राहेल या सख्ख्या बहिणी एकाच याकोबाच्या बायका. याकोबाचे प्रेम राहेलीवर, पण मुले होतात ती लेआला. पहिल्या मुलाचे नाव ती रऊबेन ठेवते : ‘पाहा, मुलगा!’ दुसरा शिमोन, कारण देवाने माझे ऐकले. तिसरा लेवी, ‘जोडला जाणे’ या अर्थाच्या शब्दावरून; आता तरी नवरा माझ्याशी जोडला जाईल, ही आशा. चौथ्या वेळी नवऱ्याचा उल्लेखच नाही. चौथा यहूदा, म्हणजे स्तुती. आता मी परमेश्वराचे स्तवन करीन, एवढेच ती म्हणते. चार बारशांत एका दुखावलेल्या बाईची सगळी कहाणी आली आहे. तिचे मन समजून घ्यायला या चार नावांइतका चांगला मजकूर त्या पुस्तकात दुसरा नाही.

राहेलीच्या वाट्याला वेगळे दुःख आले. धाकट्या मुलाला जन्म देताना ती दगावली. शेवटच्या श्वासाबरोबर तिने त्याला बेन-ओनी म्हटले, ‘माझ्या दुःखाचा मुलगा’. याकोबाने ते नाव राहू दिले नाही. त्याने बन्यामीन केले, म्हणजे ‘उजव्या हाताचा मुलगा’. आईच्या मृत्यूचे ओझे पोराने जन्मभर नावात वाहावे, हे त्या बापाला सोसले नसावे.

संदेष्ट्यांच्या मुलांची नावे मात्र घरच्यांसाठी नव्हतीच, ती साऱ्या राष्ट्राला बजावण्यासाठी होती. होशेयाच्या मुलीचे नाव लो-रुहामा, म्हणजे ‘दया न मिळालेली’, आणि मुलाचे लो-अम्मी, ‘माझे लोक नव्हेत’. यशयाच्या एका मुलाचे नाव चार शब्दांचे आहे आणि त्याचा अर्थ साधारण ‘लूट लवकर, शिकार झटपट’ असा होतो. अश्शूरची स्वारी जवळ आल्याची ती सूचना होती.

३. ग्रंथाने सांगितलेला अर्थ आणि भाषेचा इतिहास

इथे वाचकाने एक फरक लक्षात ठेवावा. बायबल नावाचा जो अर्थ सांगते तो बऱ्याचदा ध्वनिसाम्यावर उभा असतो. शब्दाचा खरा उगम वेगळा असू शकतो.

मोशेचे नाव पाहा. निर्गमाच्या पुस्तकात फारोची मुलगी म्हणते, मी याला पाण्यातून बाहेर काढले, म्हणून हा मोशे. हिब्रूत ‘माशा’ म्हणजे बाहेर काढणे. पण इजिप्तची राजकन्या हिब्रूत नाव का ठेवील? इजिप्शियन भाषेत ‘मेस’ या धातूचा अर्थ ‘जन्मलेला’ असा आहे आणि तो थुतमोस, रामसेस अशा राजांच्या नावांत सापडतो. मोशेच्या नावात तोच असावा, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. बाबेलचेही तसेच. उत्पत्तीत त्याचा संबंध ‘गोंधळ करणे’ या हिब्रू क्रियापदाशी जोडला आहे, कारण तिथे भाषांचा गोंधळ झाला. बाबेलचे लोक स्वतः मात्र आपल्या शहराचे नाव ‘देवाचे द्वार’ असे समजत.

यावरून ग्रंथाने सांगितलेला अर्थ खोटा म्हणून टाकून देणे शहाणपणाचे नाही. ज्याला कथा समजून घ्यायची आहे, त्याला तोच अर्थ हवा. ज्याला शब्दाचा इतिहास हवा आहे, त्याने दुसरीकडे पाहावे.

काही नावांचा उगम तर शोधूनही पक्का होत नाही, आणि त्यांत ख्रिस्ती जगातले सगळ्यात लाडके नाव आहे : मरीया. मूळ हिब्रू रूप मिर्याम. कोणी त्याचा अर्थ ‘कडवट’ सांगतो, कोणी ‘बंडखोर’, तर कोणी इजिप्शियन शब्दावरून ‘प्रिय’. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोमने हिब्रू नावांच्या अर्थांचा एक लॅटिन कोश केला. त्यात मरीयेचा एक अर्थ ‘समुद्राचा थेंब’ असा असावा, असे मानतात. लॅटिनमध्ये थेंब म्हणजे ‘स्तिल्ला’ आणि तारा म्हणजे ‘स्तेल्ला’. नकला करता करता एक स्वर बदलला आणि थेंबाचा तारा झाला. मग मरीया ‘समुद्रतारा’ म्हणून दर्यावर्दी लोकांची रक्षणकर्ती ठरली, तिच्यावर स्तोत्रे रचली गेली, किनाऱ्यावरच्या चर्चना तिचे हे नाव मिळाले. उगम चुकीचा असला, तरी शेकडो वर्षे वादळात सापडलेल्या माणसांनी त्या नावाने मारलेल्या हाका खऱ्या आहेत.

४. एवढ्या मरीया कशा?

शुभवर्तमाने वाचताना आणखी एक अडचण येते. येशूची आई मरीया, मरीया मग्दालीया, मार्थेची बहीण मरीया, क्लोपाची बायको मरीया, याकोब व योसे यांची आई मरीया. लेखकांना दुसरी नावे सुचली नाहीत की काय?

त्या काळच्या यहूदी समाजाच्या कबरींवरचे लेख, अस्थिपेट्या, करारपत्रे आणि ग्रंथ यांत सापडणारी नावे अभ्यासकांनी गोळा केली आहेत. नोंद सापडलेल्या स्त्रियांपैकी जवळपास निम्म्यांची नावे मरीया किंवा सलोमे यांपैकी एक आहेत. पुरुषांत शिमोन सगळ्यांत पुढे, योसेफ त्याच्या मागे. शुभवर्तमानांतली गर्दी ही त्या देशातल्या खऱ्या गल्लीतली गर्दी आहे.

या आवडीमागे राजकारण होते. ख्रिस्तपूर्व 167 च्या सुमारास ग्रीक सत्तेविरुद्ध बंड उभे राहिले. ते उठवणारा मत्तथ्य आणि त्याचे पाच मुलगे : योहान, शिमोन, यहूदा, एलाजार आणि योनाथान. हेच मक्काबी. त्यांच्या घराण्याने पुढे राज्य केले. नंतर रोमन अमलात लोकांनी आपल्या मुलांना तीच नावे द्यायचा सपाटा लावला. येशूच्या बारा शिष्यांची यादी या नजरेने वाचली, तर तिच्यात दोन शिमोन आणि दोन यहूदा का आहेत ते कळते. बारशाला तलवार उपसता येत नाही, पण नाव ठेवता येते.

एका गल्लीत सहा शिमोन असले की त्यांना वेगळे करण्यासाठी काहीतरी लावावे लागते. कोणाला बापाचे नाव : ‘बार’ म्हणजे अरामी भाषेत मुलगा, म्हणून बर्थलमय हा तलमयाचा मुलगा. कोणाला धंदा, जसा यापोचा कातडी कमावणारा शिमोन. कोणाला टोपणनाव, जसा थोमा. अरामीत त्याचा अर्थ जुळा एवढाच आहे. आणि कोणाला गाव. इथे मराठी भाषांतरकारांच्या हाताशी एक सुरेख प्रत्यय होता आणि त्यांनी तो मोकळ्या हाताने वापरला : कुरेनेकर शिमोन, अरिमथाईकर योसेफ, तार्सकर शौल, नासरेथकर येशू. मराठी वाचकाला ही माणसे एका फटक्यात ओळखीची वाटतात.

येशू हे नावही त्या काळी सर्रास आढळणारे होते. पहिल्या शतकातला इतिहासकार जोसेफस याच्या ग्रंथांत या नावाचे वीसेक निरनिराळे लोक येतात. मूळ नाव यहोशवा, म्हणजे ‘यहोवा तारण आहे’. मोशेनंतर इस्राएलचा पुढारी झालेल्या माणसाचे नाव. बोलण्यात त्याचे येशुआ झाले. मत्तयाच्या शुभवर्तमानात देवदूत योसेफाला हे नाव ठेवायला सांगतो आणि लगेच कारण देतो : तो आपल्या लोकांना पापांपासून तारील. ग्रीक वाचकाला या दोन वाक्यांतला दुवा दिसत नाही, हिब्रू जाणणाऱ्याला तत्काळ दिसतो. ‘ख्रिस्त’ हे मात्र आडनाव नव्हे. ती पदवी आहे. ग्रीकमध्ये तिचा अर्थ अभिषिक्त, हिब्रूतल्या ‘मशीहा’चे ते भाषांतर.

५. नाव बदलते तेव्हा

अब्राम नव्याण्णव वर्षांचा असताना देव त्याला अब्राहाम हे नाव देतो आणि पुष्कळ राष्ट्रांचा पिता होशील असे सांगतो. याकोबाचे नाव टाच या शब्दावरून आलेले, कारण जन्मताना त्याने जुळ्या भावाची, एसावाची, टाच धरली होती. रात्रभर कोणा अनोळखी पुरुषाशी झुंज घेतल्यावर त्याला इस्राएल हे नाव मिळते. येशू शिमोनाला अरामीत केफा म्हणतो, खडक या अर्थाने. त्याचेच ग्रीक भाषांतर पेत्र.

पण नाव बदलणे हा नेहमी सन्मान नसतो. बाबेलच्या दरबारात नेलेल्या चार यहूदी तरुणांची नावे अधिकाऱ्याने बदलली. दानीएल, हनन्या, मीशाएल, अजऱ्या या चारही नावांत ‘एल’ किंवा ‘या’ आहे. नव्या नावांतून इस्राएलचा देव काढून टाकला गेला. अबेद्नगो या नावात तर त्याच्या जागी बहुधा बाबेलचा नबो हा देव येऊन बसला. मुलखातून उचलून आणलेल्या पोराकडे शेवटी उरलेली वस्तू म्हणजे त्याचे नाव, आणि तेही काढून घेतले गेले.

शौलाचा पौल झाला तो धर्मांतराच्या क्षणी, हा समज फार पसरलेला आहे. प्रेषितांच्या कृत्यांत तसे नाही. दमिष्काच्या वाटेवरचा प्रसंग नवव्या अध्यायात आहे, आणि त्यानंतरही कितीतरी पाने तो शौलच राहतो. तेराव्या अध्यायात, सायप्रस बेटावर, लेखक सहज सांगून जातो की शौलाला पौलही म्हणत. यहूद्यांत शौल आणि रोमन जगात पौल, अशी दोन नावे तो वापरत असावा. लॅटिनमध्ये पौल म्हणजे लहान.

पोपची नावे बदलण्याची प्रथा मात्र धर्मामुळेच सुरू झाली. 533 मध्ये निवडून आलेल्या पोपचे नाव मर्क्युरिअस होते, रोमन देव मर्क्युरीवरून. ख्रिस्ती मंडळीच्या प्रमुखाला ते शोभेना, म्हणून त्याने योहान दुसरा हे नाव घेतले.

६. याकोबाचा प्रवास

आता पहिल्या प्रश्नाकडे. हिब्रू नाव ग्रीकमध्ये शिरले की त्याला ग्रीक व्याकरणाचा पोशाख चढवावा लागे. ग्रीकमध्ये ‘श’ नाही, आणि पुरुषाच्या नावाशेवटी ‘स’ लागतो. म्हणून येशुआचा येसूस झाला आणि यहूदाचा यूदास. याकोबाच्या बाबतीत नव्या करारातच दोन रूपे आली. पूर्वज याकोबाला लेखकांनी जुन्या रूपातच ठेवले, पण त्याच नावाच्या आपल्या काळातल्या माणसांना याकोबोस म्हटले. लॅटिनमध्ये त्याचे याकोबुस झाले, बोलता बोलता ‘ब’चा ‘म’ होऊन याकोमुस झाले, जुन्या फ्रेंचमध्ये त्याचे जेम्स झाले आणि ते इंग्लंडात गेले. इटालियन जाकोमो याच वाटेवरचा. स्पॅनिशमध्ये ‘संत याकोब’ हे दोन शब्द एकमेकांत मिसळून सांतियागो झाले, पोर्तुगीजमध्ये तियागो.

याचा पुरावा इंग्रजी इतिहासात आहे. 1688 मध्ये गादी गमावलेल्या दुसऱ्या जेम्स राजाच्या पक्षाला जॅकोबाइट म्हणत. जेम्स म्हणजे याकोबच, हे तेव्हाच्या लॅटिन जाणणाऱ्यांना ठाऊक होते.

मराठी भाषांतरात दोन्ही ठिकाणी याकोब राहिला, योहानाचा जॉन झाला नाही, मोशेचा मोझेस झाला नाही. जुन्या उच्चाराच्या जवळ राहण्याचा हा निर्णय फार चांगला होता. मराठी वाचकाला पत्रलेखक याकोबाच्या नावात त्याचा पूर्वज दिसतो, इंग्रजी वाचकाला तो दिसत नाही.

वाटेत एक गोष्ट गळून पडली. हिब्रू ऐकणाऱ्याला योहानान म्हणजे ‘यहोवाने कृपा केली’ असे ऐकू येई. जॉन, जाँ, हुआन, इव्हान, जोव्हान्नी, हान्स, शॉन ही सगळी त्याचीच रूपे, पण त्या भाषांत तो अर्थ कोणाच्या कानी पडत नाही. तिथे त्या नावाचा अर्थ म्हणजे एक माणूस : नदीकाठी बाप्तिस्मा देणारा योहान, किंवा शुभवर्तमान लिहिणारा. वर्गातल्या जॉनला अर्थ सांगता येत नाही तो एवढ्याचसाठी.

७. कोकण, गोवा आणि देश

आपल्या किनाऱ्यावर बायबलमधली नावे एकापेक्षा अधिक वाटांनी आली. कोकणातल्या बेने इस्राएल या यहूदी समाजाने ती पिढ्यान्‌पिढ्या मराठी वळणाने उच्चारली. अब्राहामचे अबाजी, शमुवेलाचे सामाजी, मोशेचे मुसाजी. आडनावे गावांवरून : पेणकर, रोहेकर, किहीमकर. 1796 मध्ये मुंबईत या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर समाजात सामाजी हसाजी दिवेकर म्हणून ओळखले जात. मुंबईची सॅम्युएल स्ट्रीट त्यांच्याच नावाची.

गोव्यात 1510 नंतर आणि वसईत 1534 नंतर पोर्तुगीज रूपे आली, आणि बाप्तिस्म्याबरोबर जुने नाव गेले. मरीयेच्या बिरुदांवरून मुलींना पियेदाद, कोन्सेसांव अशी नावे मिळाली. पण योहानाच्या बाबतीत गोव्याने जे केले ते खास आहे. 24 जून हा त्याच्या जन्माचा सण, ‘सांव जुआंव’, कोकणीत सांजांव. डोक्यावर पानाफुलांचे कोपेल घालून माणसे पावसाने भरलेल्या विहिरींत उड्या टाकतात. लूकच्या शुभवर्तमानात मरीयेचा आवाज ऐकताच योहानाच्या आईच्या, अलीशिबेच्या, पोटातले बाळ उसळते. या उड्यांशी ती उसळी जोडली जाते.

याच बाळाच्या बारशाची हकिकत लूकने तपशिलाने लिहिली आहे. शेजारीपाजारी त्याला बापाचे, जखऱ्याचे, नाव देऊ पाहतात. आई म्हणते, योहान. नातलग हरकत घेतात की तुमच्या घराण्यात या नावाचा कोणी नाही, आणि मुक्या झालेल्या बापाला खुणेने विचारतात. तो पाटी मागवतो आणि लिहितो : याचे नाव योहान आहे.

महाराष्ट्रातल्या प्रोटेस्टंट मंडळींत नाव बदलण्याची सक्ती राहिली नाही. पंडिता रमाबाईंना 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेताना मेरी रमा हे नाव मिळाले, पण लोक त्यांना रमाबाईच म्हणत राहिले. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि आपले नाव जसेच्या तसे ठेवले. कॅथलिक मंडळीतही नियम सैल झाला. 1917 च्या नियमसंहितेनुसार मुलाला ख्रिस्ती नाव द्यावे, आईबाप तयार नसतील तर पाद्रीने संताचे नाव जोडावे, अशी तरतूद होती. 1983 च्या संहितेत नाव ख्रिस्ती भावनेला परके नसावे, एवढीच अपेक्षा उरली.

या मोकळिकीतून मराठी ख्रिस्ती घरांत काही नावे रुळली, ती लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहेत. शांतवन हे त्यांतले एक. नहूम या संदेष्ट्याच्या नावाचा अर्थ तोच. अनुग्रह हे दुसरे. हन्ना आणि योहान या दोन्ही नावांच्या मुळाशी असलेल्या हिब्रू शब्दाचा अर्थ हाच आहे, त्यामुळे एखाद्या घरात आजोबा योहान आणि नातू अनुग्रह असला, तर त्या घरात नाव बदललेले नाही.